बाबांचं अर्धवट राहिलेलं डकोटा: पूर्ण करून द्यावं, की तसंच राहू द्यावं?

पंखाखालची:
नमस्कार मंडळी, मी इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, आणि विषय जरा लांब आहे तर सांभाळून घ्या.

माझे बाबा हवाई दलात होते. पायलट नाही, ग्राउंड क्रू, एअरफ्रेमचे (विमानाच्या सांगाड्याचे) फिटर. हे मी आधीच सांगून टाकते कारण "हवाई दल" म्हटलं की लोक लगेच विचारतात की कुठलं विमान उडवायचे, आणि बाबा दरवेळी शांतपणे सांगतात की मी उडवायचो नाही, उडेल असं ठेवायचो. लहानपणी कागदाची, मग वहीच्या पुठ्ठ्याची, मग बाल्साची (अगदी हलक्या लाकडाची) रबरबँडवाली, मग इंजिनची, आणि रिटायर झाल्यावर रिमोटची, अशी त्यांची विमानं आयुष्यभर चालूच आहेत. आमच्या घरात विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून गच्चीवर पळायचं हा नियमच होता, आणि वर पोचायच्या आधी जिन्यातच ते आवाजावरून सांगायचे की इंजिन किती आहेत.

आता ते 73 वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, ती छान झाली. पण हात थरथरतात. डॉक्टरांनी बघितलंय, पार्किन्सन नाही, इसेन्शियल ट्रेमर म्हणाले, म्हणजे हात मांडीवर ठेवलेले असताना ठीक असतात आणि काही धरायला गेलं की थरथर सुरू. मागच्या वर्षी त्यांचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं साधं रिमोटचं विमान, लँडिंगला येताना डाव्या पंखावर आपटलं. विमानाचं फार नुकसान नव्हतं, खरं तर त्यांनी याहून भयंकर क्रॅश हसत हसत गोळा करून घरी आणलेत, पण त्या दिवशी काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सामान माळ्यावर. त्यात एक डकोटाही आहे, म्हणजे त्या दोन इंजिनांच्या जुन्या वाहतुकीच्या विमानाचं मॉडेल, साधारण दोन मीटर पंखाचं, बाल्साचं, प्लॅनवरून स्वतः कापलेलं, वीस वर्षांपूर्वी सुरू केलेलं. फ्यूजलाज (मधलं धड) उभं आहे, एक पंख झालाय, दुसऱ्याच्या रिब्स (आतल्या फासळ्या) नुसत्या कापून दोऱ्यात ओवून ठेवल्यात. नोकरीतली पहिली दोन वर्षं त्यांनी डकोटावर काढली म्हणून हे विमान.

भाऊ म्हणतो की बाबांना मस्त रेडीमेड ड्रोन घेऊन देऊ, स्वतः तरंगतो, स्टिक सोडली तरी पडत नाही. मला वाटतं की ते डकोटाच कोणाकडून तरी पूर्ण करून घ्यावं आणि वाढदिवसाला समोर ठेवावं. तर प्रश्न असे की वीस वर्षं पडून राहिलेला बाल्सा वापरण्यासारखा असतो का, आणि हात थरथरत असताना रिमोटचं विमान उडवायला काही उपाय आहे का, आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे आम्ही जे करतोय ते बरोबर आहे का. थोडं मनातलं लिहिलं, माफ करा.

बाल्साचा_भुसा:
ताई आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो. बाल्सा कोरडा राहिला असेल तर वीस काय चाळीस वर्षं टिकतो. बुरशीचे काळे डाग, किड्यांची भोकं आणि वाकलेलं फ्यूजलाज एवढं बघा. पंख सपाट टेबलावर ठेवून बघा पिळला गेलाय का, पण थांबा, डकोटाच्या पंखाला टोकाकडे मुद्दाम थोडा पीळ देतात, दोनेक डिग्री, म्हणजे टोक जरा खाली बघतं, त्याला वॉशआउट म्हणतात, तो "दुरुस्त" करून टाकू नका. डकोटाचा पंख टोकाला निमुळता असतो आणि अशा पंखाचं टोक स्लो स्पीडला आधी स्टॉल होतं (हवेची उचल सोडतं), मग विमान एका अंगावर कोसळतं, तो पीळ असतो म्हणून टोक शेवटपर्यंत पकडून ठेवतं. तुमच्या बाबांनी प्लॅनवरून केलंय म्हणजे त्यांना हे माहीत असणारच.

टाकून द्यायच्या गोष्टी: रबर, जुनी इंधनाची नळी, जुन्या बॅटऱ्या (निकेल कॅडमियमच्या असतील तर एव्हाना पांढरी पावडर बाहेर आलेली असेल, हात लावून ते डोळ्यांना लावू नका), आणि जुना रेडिओ. जुन्या सेटना प्रत्येकाची वेगळी फ्रिक्वेन्सी लागायची, मैदानावर बोर्ड असायचा आणि तिथला आपल्या नंबरचा चिमटा घेतल्याशिवाय ट्रान्समिटर ऑन करायचा नाही, कारण दोघांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर ऑन केलं की हवेतल्याचं विमान गेलं. आताच्या 2.4 गिगाहर्ट्झ सेटला ती कटकट नाही.

इंजिन ग्लो प्लगवाली असतील तर जाम झालेली असणार. त्या इंधनात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनबरोबर एरंडेल तेल असायचं, ते वाळून आत व्हार्निशसारखं घट्ट बसतं. पान्याने जोर लावून फिरवू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो, गरम हवा देऊन सैल करा. पण खरं सांगू, डकोटाला आता ग्लो इंजिन लावूच नका. दोन इंजिनाच्या मॉडेलमध्ये एक हवेत बंद पडलं की दुसरं विमानाला गर्रकन फिरवतं आणि पायलटकडे विचार करायला वेळच नसतो. इलेक्ट्रिक मोटर अशा उगाच बंद पडत नाहीत. शिवाय बॅटरी नाकात ठेवता येते, नाहीतर अशा विमानात शेपटीकडे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात त्याच्या दोन-तीनपट शिसं भरावं लागतं. बॅलन्स पॉइंट प्लॅनवर दाखवला असेल तिथेच आला पाहिजे, सर्वसाधारण पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून 25 ते 30 टक्क्यांत. नाक थोडं जड असेल तर चालतं, फक्त उतरताना जास्त पळवावं लागतं. शेपूट जड असेल तर पहिल्याच टेकऑफला विमान उभं राहतं आणि मग काही हातात नसतं.

एक गंमत सांगायचा मोह आवरत नाहीये. मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची छोटी कॉपी असं लोकांना वाटतं पण हवा काही छोटी होत नाही ना. राइट बंधूंना लहानपणी, 1878 मध्ये, वडिलांनी रबरावर उडणारं एक हेलिकॉप्टरसारखं खेळणं आणून दिलं, पेनो नावाच्या फ्रेंच माणसाच्या डिझाइनवरचं. याच पेनोचं रबरावरचं छोटं विमान 1871 मध्ये पॅरिसच्या बागेत 11 सेकंद उडालं होतं, 40 मीटर. तर ही पोरं त्या खेळण्याच्या मोठमोठ्या कॉप्या करायला लागली आणि जेवढी मोठी तेवढी ती कमी उडायची. त्यांना कळेना का. लांबीरुंदी दुप्पट केली की ताकद आठपट लागते हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याला उलट्या बाजूने भोगावं लागतं, लहान पंख मोठ्याइतका कार्यक्षम नसतो म्हणून मॉडेल होईल तितकं हलकं ठेवायचं.

ड्रोनबद्दल काही बोलत नाही, भावाचा हेतू चांगला आहे.

थेट_बोलतो:
मी बोलतो मग. ड्रोन नको. जीपीएसवर स्वतःच उभा राहणारा ड्रोन अशा माणसाला देणं म्हणजे आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या बाईला मायक्रोवेव्ह देऊन "आता आराम कर" म्हणणं. पण डकोटा दुसऱ्याकडून पूर्ण करून घ्यायची कल्पनाही मला तेवढीच वाईट वाटते, राग मानू नका. आणि धारदार ब्लेड, इन्स्टंट ग्लू, थरथरता हात हेही खरंच आहे, त्यामुळे "त्यांनाच करू द्या" म्हणणंही सोपं नाही. म्हणजे माझ्याकडे उत्तर नाही, नुसता विरोध आहे 😅

जुना_फिटर:
मुली, मी तुझ्या बाबांच्याच ट्रेडचा. त्यांनी उडेल असं ठेवायचो म्हटलं ना, ते वाचून हसलो, आम्ही सगळेच असं म्हणतो.

थोडं समजून घे की आमच्या कामात माणूस काय शिकतो. विमान सकाळी उडायच्या आधी आपण त्याच्याभोवती फिरतो, हात लावून, बोट लावून, पॅनेलचा प्रत्येक स्क्रू, टायर, ऑइल कुठून येतंय, आणि मग कागदावर सही करतो. त्या सहीवर दुसरा माणूस वर जातो. आपण खाली. तो परत येईपर्यंत चहा गोड लागत नाही. उडवणं हा आमचा भागच नव्हता गं, आमचा भाग सहीचा. मॉडेलमध्ये गंमत ही की सहीही आपलीच आणि स्टिकही आपलीच. मला वाटतं मागच्या वर्षी जे आपटलं त्यात त्यांना विमानाचं वाईट वाटलं नसेल. त्यांना वाटलं असेल की हे हात आता सर्व्हिसेबल, म्हणजे कामाला लायक, नाहीत. आणि अनसर्व्हिसेबल गोष्ट आम्ही लाल टॅग लावून बाजूला ठेवतो, माळ्यावर ठेवलं ते तेच.

त्यांच्या टेबलाकडे एकदा बघ. बोर्डावर प्रत्येक हत्याराची बाहेरची रेघ काढलेली असेल, पक्कडीच्या जागी पक्कडीचा आकार. तो शॅडो बोर्ड. काम संपलं की बोर्ड बघायचा, एक जागा जरी रिकामी दिसली तरी विमान सुटत नाही. एक छोटा पाना कंट्रोल केबलपाशी अडकला तर काय होतं हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी स्वतः एका स्क्रूड्रायव्हरसाठी रात्रभर पॅनेलं उघडलीत, शेवटी तो एकाच्या ओव्हरऑलच्या खिशात निघाला, त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिता येणार नाही.

डकोटावर मी पण थोडे दिवस होतो. त्याची इंजिनं गोल, 14 सिलिंडरची, रात्रभर उभं राहिलं की खालच्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरून साचायचं, तसंच स्टार्ट केलं तर रॉड वाकायचा कारण ऑइल काही दाबलं जात नाही. म्हणून स्टार्टच्या आधी पाती हाताने फिरवायची, मोजत मोजत, जड लागलं तर तिथेच थांबायचं. तुझे बाबा मॉडेलचं प्रॉपेलरही आधी हाताने फिरवत असतील बघ. इलेक्ट्रिकला त्याची गरज शून्य. तरी फिरवतील. (आणि तेव्हा बॅटरी जोडलेली नसावी हे मात्र बघायचं, इलेक्ट्रिक मोटर न सांगता सुरू होते, बोट जातं.)

तर माझं मत. हात तुझे, नजर त्यांची. तू काप, तू चिकटव, ते तपासतील आणि सही करतील. म्हाताऱ्या फिटरचं काम तेच असतं, शेवटी आम्ही सगळे इन्स्पेक्टर होतो.

पंखाखालची:
काका, मी तुमचं वाचून उठून टेबल बघून आले. रेघा आहेत. पांढऱ्या पेंटने. मी इतकी वर्षं त्याला डिझाइन समजत होते 🤦‍♀️ आणि प्रॉपेलर फिरवतात, हो, आणि ओठ हलत असतात, मला वाटायचं काहीतरी म्हणतायत.

पण मला काहीच येत नाही हो. मी साधं चित्रही सरळ कापत नाही. आणि उडवायचं काय? तो प्रश्न राहिलाच.

बाल्साचा_भुसा:
उडवायचं सांगायचं राहिलंच, माझी चूक, राइट बंधूंमध्ये वाहवलो.

थरथरीला बऱ्याच गोष्टी करता येतात. एक तर ट्रान्समिटर हातात धरायचाच नाही, गळ्यातल्या पट्ट्याला ट्रे लावून त्यावर ठेवायचा आणि मनगटं ट्रेवर टेकवायची, आणि स्टिक नुसत्या अंगठ्याने नाही तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची, अर्धी थरथर तिथेच मरते. मग रेडिओत एक्स्पो नावाची सेटिंग असते, त्याने स्टिकच्या मधल्या भागातली हालचाल बोथट होते आणि कडेला पूर्ण मिळते, म्हणजे बारीक थरथर विमानापर्यंत खूपच कमी पोचते. 30 टक्क्यांनी सुरू करा, मग त्यांना वाढवू द्या. शिवाय जायरोवाले रिसीव्हर मिळतात, ते विमान डोललं की ओळखतात आणि वाऱ्याचे छोटे धक्के स्वतःच सावरून घेतात. काही जुनी मंडळी जायरोला फसवणूक म्हणतात, त्यांना म्हणा खऱ्या विमानातही ऑटोपायलट असतो.

डोळ्यांसाठी पंखाची वरची बाजू फिकी आणि खालची गडद ठेवा, किंवा खाली जाड पट्टे. सगळ्यात जास्त क्रॅश लँडिंगला होतात कारण विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. नवीन माणसाला मी एकच सांगतो, जो पंख खाली गेलाय स्टिक त्या बाजूला ढकल, जणू त्याला खालून टेकू देतोयस, डावं-उजवं विसर.

आणि बडी बॉक्स. दोन ट्रान्समिटर एकमेकांना जोडतात, आता वायरलेसही जोडतात, एकाकडे (तो मास्टर) स्विच असतो, तो दाबून धरला की विमान दुसऱ्याच्या हातात, सोडला की परत त्याच्या हातात. ताई, मास्टर कोणाकडे हे विचारायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही शिकणाऱ्या व्हा, मास्टर त्यांच्याकडे. सरळ उड्डाण तुम्ही करा, ते उभे राहून सांगतील. तुम्ही बऱ्यापैकी तयार झालात की कधीतरी उलटही करता येईल, त्यांच्या हातात विमान आणि स्विच तुमच्याकडे, लँडिंगला गरज लागली तर. आधी सिम्युलेटरवर शिका, महिनाभर रोज वीस मिनिटं. डकोटावर अजिबात शिकू नका, ते आपटलेलं ट्रेनर दुरुस्त करा.

लिपो (लिथियम पॉलिमर, आता इलेक्ट्रिक मॉडेलना लागते ती) बॅटरीबद्दल, घरात नवीन असाल तर: चार्ज होत असताना तिथून हलायचं नाही, फुगली की वापरायची नाही, आणि न उडवता ठेवायची असेल तर फुल चार्ज करून ठेवायची नाही, सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास. तुमच्याकडचे नियमही बघा, बऱ्याच देशांत 250 ग्रॅमच्या वरच्याला नोंदणी वगैरे असते आणि एअरपोर्टच्या आसपास मनाई.

ज्यांना वाटतं वय झालं की संपलं त्यांच्यासाठी: 2003 च्या ऑगस्टमध्ये बाल्साचं एक मॉडेल अटलांटिक पार करून गेलं. न्यूफाउंडलंडहून आयर्लंड, सुमारे 3000 किलोमीटर, 38 तास 52 मिनिटं, इंधनासकट वजन 5 किलोच्या आत. बनवणारे मेनार्ड हिल, वय 77, कायद्याच्या व्याख्येत अंध, कानानेही कमी ऐकू यायचं. आधीची विमानं फसली होती. मधला प्रवास ऑटोपायलटने केला, आणि पलीकडे आयर्लंडच्या किनाऱ्यावर रेडिओ घेऊन उतरवायला दुसरा माणूस उभा होता. तरी विमान हिलचंच ना?

एकास_बहात्तर:
मी उडवत नाही, मी प्लॅस्टिकवाली, म्हणजे किटचे पार्ट जोडून नुसती ठेवायची विमानं करणारी, त्यामुळे वरच्या मंडळींच्या दृष्टीने मी खेळण्यातली 🙂 पण एक सुचवू का. डकोटा व्हायला वर्ष-दोन वर्षं लागणार, दरम्यान पाऊस असेल, वारा असेल, मैदानावर जाता येणार नाही. त्या दिवसांसाठी 1/72 चं किट आणा.

1/72 म्हणजे एक इंच बरोबर सहा फूट, उंच माणूस इंचभर. खरा डकोटा 29 मीटर पंखाचा, तो 40 सेंटिमीटरचा होतो, मिग-21 जेमतेम 10 चा, दोन्ही शेजारी ठेवले की पहिल्यांदा कळतं की त्या जेटला पंख असे नव्हतेच. हे स्केल तुमच्या बाबांच्या जगाचंच आहे. दुसऱ्या महायुद्धात 1942 मध्ये अमेरिकन नौदलाने शाळेतल्या मुलांकडून याच मापाची लाकडी मॉडेल्स प्रचंड संख्येने करून घेतली, सगळी काळी रंगवलेली, सैनिकांना आकृतीवरून विमान ओळखायला शिकवण्यासाठी. युद्धानंतर 1953 मध्ये एअरफिक्स या किट कंपनीचं स्पिटफायर (ब्रिटिश लढाऊ विमान) आलं याच मापात आणि मग पोरांच्या खोल्यांची छतं दोऱ्याला टांगलेल्या विमानांनी भरली.

आता थरथर. छोटे पार्ट्स थरथरत्या हाताला त्रास देतात हे खरं, मला स्वतःला संधिवात आहे. पण खूप काम असं आहे की ज्यात हात नाही, डोकं आणि आठवण लागते. किट बनवणाऱ्याला माहीत नसतं की काजळी नेमकी कुठे धरायची, ऑइलचा ओघळ इंजिनाच्या कव्हरवरून मागे कसा जायचा, फिटर पंखावर कुठे पाय ठेवून चढायचे त्यामुळे तिथला रंग कुठे उडालेला असायचा. आम्ही लोक फोटो झूम करकरून हे शोधतो. तुमच्या बाबांनी ते फडक्याने पुसलंय. त्यांना बाजूला बसवा आणि विचारा "इथे किती घाण?" आणि मग फक्त ऐका. रंगाच्या छटेवरून भांडण होणार हे गृहीत धरा, ते म्हणतील हा रंग असा नव्हता, आणि ते बरोबर असतील कारण उन्हात उभ्या राहिलेल्या विमानाचा रंग डब्यातल्या रंगासारखा कधीच नसतो.

हाताला टेकू म्हणून टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, कोपर आणि मनगट दोन्ही टेकलं की बरंच काम होतं. डकोटाच्या रिब्सनाही हेच लागू.

थेट_बोलतो:
विरोध मागे घेतला. किट कुठलं घेताय ते सांगा, मी पण घेतो.

पंखाखालची:
तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला.

डकोटा खाली काढलं. बाबांना विचारून नाही काढलं, मी आणि भावाने काढून टेबलावर ठेवलं आणि मी दुसऱ्या पंखाच्या रिब्स ओवलेला दोरा हातात घेऊन विचारलं की यात पहिली कुठली. त्यांनी पाच मिनिटं उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, दोरा सोडू नकोस, क्रमाने आहेत. बस एवढंच. पण संध्याकाळी चष्मा लावून प्लॅन उघडून बसले होते.

आता रोज रात्री तासभर चालतं. मी चिकटवते, ते बघतात. आत्तापर्यंत सात रिब्स लावल्या, त्यातल्या तीन काढायला लावल्या. एक अर्धा मिलिमीटर तिरकी होती, मी म्हटलं बाबा कव्हरिंग लावल्यावर कोणाला दिसणार आहे, तर माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप ब्लेड घेतलं. एक वही केलीय त्यांनी, तारीख, काय काम केलं, आणि पुढे दोन सह्या, माझी कामाची आणि त्यांची तपासल्याची. त्यांची सही थरथरलेली येते, त्याला ते काही म्हणत नाहीत. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून परवा त्यांनी स्वतः एक रिब लावली, पण ती माझ्याकडून तपासून घेतली आणि मलाच सही करायला लावली, स्वतःच्या कामावर स्वतः सही चालत नाही म्हणाले.

ट्रेनरचा पंख भाऊ दुरुस्त करतोय, सिम्युलेटरवर मी आत्तापर्यंत चाळीसेक विमानं पाडली. बडी बॉक्सचं अजून काढलेलं नाही, बघू. ड्रोनचा विषय भावाने स्वतःच सोडला.

आज मात्र काम बंद आहे. रात्री आवरताना बोर्डावर चिमट्याची जागा रिकामी दिसली. मी म्हटलं सकाळी शोधू, तर नाही म्हणाले, वहीत लाल पेनने लिहून ठेवलं, आणि आता आम्ही तिघं टॉर्च घेऊन टेबलाखाली आहोत. पंखाच्या खालच्या बाजूला स्किन (रिब्सवरचं पातळ आवरण) कालच चिकटवलीय. पंख हलवून बघितला तर आतून काहीतरी वाजतंय.